जेट स्कीमागे वेकबोर्ड: पाण्यातून उठताना

नागपूरहून रामटेकजवळच्या खिंडसीसारख्या मोठ्या तलावावर वेकबोर्ड (पाय अडकवून दोरीने ओढत पाण्यावर सरकायची फळी) न्यायचा असेल, तर जेट स्की तीन सीटचीच हवी. एक चालवणारा, एक मागे तोंड करून लक्ष ठेवणारा आणि थकलेल्या बोर्डवाल्यासाठी एक मोकळी जागा. लाइफ जॅकेट तिघांनाही.

दोरी न ताणणारी, १५ मीटरच्या आसपास. जेट स्कीची लाट मोटरबोटीपेक्षा लहान, लवकर विरते. दोरी फार लांब असली तर ती लाट बोर्डवाल्याच्या हाती लागत नाही.

पाण्यात गुडघे छातीशी, हात सरळ, बोर्ड दोरीला आडवा. ओढ लागली की उठायची घाई नको. बोर्ड पाण्यावर येईपर्यंत उकिडवंच राहा, मग सावकाश उभे राहत पुढचा पाय जेट स्कीच्या दिशेला वळवा. नवखे नेमके इथेच हँडल छातीकडे ओढतात. दोरी क्षणभर सैल पडते, पुढच्या झटक्याला माणूस तोंडावर आपटतो. थ्रॉटलही हळूहळूच वाढवा. शिकताना ताशी २५-३० किलोमीटर पुरे.

खरी काळजी जेटच्या खालच्या तोंडाची. ते पाणी ओढतं तशी सैल दोरी आणि जलपर्णीही ओढतं. दोरी आत गेली तर आधी इंजिन बंद, चालवणाऱ्याच्या मनगटाला जोडलेली सेफ्टी क्लिप (ती काढली की इंजिन चालत नाही) काढा, मगच हात घाला. कुणी मागून चढत असेल तेव्हाही इंजिन बंदच.

थ्रॉटल सोडला की जेट स्की नीट वळत नाही. म्हणून पडलेल्या माणसाकडे सरळ रोखून येऊ नका. लांबून वळसा घालून, हळू, बाजूने या.