समुद्राकडचं दार आणि ब्रोशरवरचं रेटिंग: या चुका टाळा

दरवर्षी मृग लागला की मला तेच फोन येतात. कधी हर्णै, कधी गुहागर, कधी श्रीवर्धन, गाव बदलतं पण तक्रार तीच, "एवढा महागाचा, पाणी अडवण्याचं रेटिंग असलेला दरवाजा घेतला आणि झड आली की पाणी हॉलमध्ये." दरवाजाच खराब निघाला असं क्वचित झालंय, बहुतेक वेळा आकडा वाचताना गडबड झालेली असते नाहीतर बसवताना.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नमुन्याचं रेटिंग आपल्या दाराचं समजणं. टेस्टला जो एक दरवाजा ठेवला त्याचंच ते रेटिंग, म्हणजे त्या साइजचं, त्या उंबऱ्यासकट, त्याच लॉक आणि रबरासकट.

गुहागरकडची गोष्ट सांगतो. जांभ्याचं नवीन घर, तोंड थेट समुद्राला, पडवीला पुढे छप्पर नाही. घरवाले काका मुंबईला असतात, त्यांनी युपीव्हीसीचा (कडक प्लास्टिकचा) दोन पल्ल्यांचा दरवाजा घेतला, कागदावर ईएन १२२०८ या युरोपियन स्टँडर्डची ९ए क्लास, म्हणजे पाणी अडवण्याची ६०० पास्कलपर्यंतची (पास्कल हे दाबाचं माप) टेस्ट पास. जुलैत फोन आला, गेलो तर सोफ्याखाली पाणी. मी टेस्ट रिपोर्ट मागितला, तो त्यांनी तोपर्यंत बघितलाच नव्हता. रिपोर्टमधला नमुना एका पल्ल्याचा, मीटरभर रुंद, उंच उंबऱ्याचा. इथे दोन पल्ले, रुंदी जवळजवळ दुप्पट, आणि आजींचे गुडघे दुखतात म्हणून उंबरा फरशीच्या लेव्हलला आणलेला. त्यात भर म्हणजे खालच्या चौकटीत पाणी बाहेर जायला जी भोकं असतात ती फरशीवाल्याने व्हाइट सिमेंटने बुजवून टाकलेली, दिसायला बरं दिसावं म्हणून! सायकलच्या स्पोकने एक भोक मोकळं केलं तर आत साठलेलं पाणी धारेने बाहेर आलं. अर्धा प्रॉब्लेम तिथेच सुटला. उरलेलं पाणी दोन पल्ले जिथे खाली जुळतात तिथून येत होतं, त्यासाठी बाहेरची पायरी फोडून दीड इंच खाली घेतली, बाहेरच्या बाजूला उतार दिला आणि पडवीवर पत्रा घातला. हे बांधकाम चालू असताना झालं असतं तर निम्म्या पैशात झालं असतं. आजींसाठी उंबरा सपाट हवा हे मला पूर्ण मान्य आहे, पण मग बाहेर छप्पर आणि उतार पाहिजेच, त्यात तडजोड नाही.

आणि ९ए म्हणजे काय तेही समजून घ्या. टेस्टमध्ये आधी १५ मिनिटं नुसतं पाणी मारतात, मग दर ५ मिनिटांनी हवेचा दाब वाढवत ६०० पास्कलला नेतात, एकूण ५५ मिनिटं. आपल्याकडे आडवा पाऊस चार-चार दिवस लागतो. म्हणून मी ९एला किमान अट मानतो, पूर्ण गॅरंटी नाही. आकड्यानंतर ए असेल तर उघड्यावरच्या दाराची टेस्ट, बी असेल तर थोडा आडोसा धरून केलेली. समुद्राकडे बी क्लासचं घेऊ नका.

पाण्याचं रेटिंग बघून वाऱ्याचं बघायचं राहूनच जातं. तो आकडा वेगळा, ईएन १२२१० चा, सी३ वगैरे लिहिलेलं असतं. ३ म्हणजे १२०० पास्कल, आणि सी म्हणजे त्या दाबाखाली चौकट-पल्ल्याचे उभे-आडवे भाग सगळ्यात कमी वाकतात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा वारा ताशी ११०-१२० किलोमीटर होता, तेवढ्या वाऱ्यात साध्या सात फुटी दारावर साधारण सव्वाशे किलोचा रेटा येतो आणि झोत आला की त्याहून जास्त. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, हे लोक विसरतात. बाहेर उघडणारा पल्ला वारा उलट रबरावर दाबून धरतो, म्हणून समुद्राकडच्या बाजूला मी तोच सुचवतो, फक्त बिजागरीची पिन बाहेरून निघणार नाही अशी घ्या.

लाकडी दारवाल्यांची चूक अजून जुनी. "बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यात टिकणारं प्लाय) आहे, ७२ तास उकळलेलं, काही होत नाही." अहो, आयएस ७१० या मरीन प्लायच्या भारतीय स्टँडर्डमधली ती उकळण्याची टेस्ट प्लायच्या डिंकाची पकड बघते, तुमच्या दाराच्या कडांची नाही. पल्ला खालून रंगवलेलाच नसतो, पागोळ्यांचं पाणी उडतं, कड पाणी पिते, दार फुगतं, मग सुतार येऊन रंधा मारतो आणि पुन्हा कोरी कड उघडी! घाईत पल्ला टांगून मोकळे होणाऱ्यांना मी हे दहा वेळा सांगून दमलोय. टांगायच्या आधी सहाही बाजूंना प्रायमर. टांगलेलं असेल तर मोबाइल खाली धरून फोटो काढा, कड कोरी आहे का लगेच दिसतं.

बिजागऱ्या आणि स्क्रू ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे घ्या, खाऱ्या हवेत ३०४ वर डाग पडतात. ब्रोशरवर यू-व्हॅल्यू लिहिलेली असते ती उष्णतेची असते, तिचा पावसाशी संबंध नाही.

रिपोर्ट न दाखवणाऱ्याकडून मी माल घेत नाही. आणि दार बसलं की आतून फरशीवर वर्तमानपत्र पसरतो, बाहेरून पाइपने खालून वर असं सावकाश अर्धा तास पाणी मारतो. कागद ओला झाला तर कुठे झाला तिथे पेनने खूण करायची. तो कोरा राहीपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नका.