तांबडी भाजी आणि अळसांदे: दोन जातींमधली चढाओढ कुंडीत कशी मोजावी

दाटीत झाड खुरटतं, हे कुळागरात (पोफळीच्या बागायतीत) वावरणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. पण ते शेजाऱ्याच्या जातीमुळे खुरटलं की नुसत्या गर्दीमुळे, हे बघून कळत नाही. नेदरलँड्सच्या सी. टी. द विट यांनी 1960 साली मांडलेली पद्धत इथे कामी येते, आणि ती घरच्या अंगणातही जमते.

पाऊस सरल्यावर, नोव्हेंबरात सुरुवात करा. सारख्या मापाच्या नऊ कुंड्या एकाच ढिगातल्या मातीने भरा. तीन कुंड्यांत तांबड्या भाजीची (लाल माठाची) आठ-आठ रोपं, तीनमध्ये अळसांद्यांची (चवळीची) आठ-आठ, उरलेल्या तीनमध्ये दोन्हींची चार-चार. बी जास्त पेरा, मग विरळणी करून प्रत्येक कुंडीत नेमकी आठ ठेवा. याबाबतीत अजिबात ढिलाई नको. गर्दी सारखी नसेल तर फरक जातीचा की गर्दीचा, ते सांगताच येणार नाही. खत घालू नका. कुंड्यांच्या जागा अधूनमधून बदला.

दोन-तीन आठवड्यांनी भाजीची पेरं, म्हणजे खोडावरच्या दोन पानांमधली अंतरं, पट्टीने मोजा. हिरव्या पानांतून गाळून किंवा त्यांवरून परावर्तित होऊन आलेल्या उजेडात लाल प्रकाश कमी आणि त्यापलीकडचा दूर-लाल जास्त असतो. रोपातलं फायटोक्रोम हे रंगद्रव्य तो फरक ओळखतं, आणि सावली अंगावर पडण्याआधीच खोड लांबायला लागतं. मला या सगळ्या प्रयोगात हेच सर्वांत विलक्षण वाटतं.

सहा आठवड्यांनी रोपं मातीलगत कापा, जातवार वेगळी करा, कडक वाळवून वजन करा.

समजा, नुसत्या भाजीच्या कुंडीतली आठ रोपं 12 ग्रॅम भरली. मिश्र कुंडीतल्या चार रोपांनी 6 ग्रॅम दिले, तर परका शेजारी आणि सख्खा शेजारी तिला सारखेच. 8 भरले आणि अळसांदे आपल्या स्वतंत्र कुंडीतल्या वजनाच्या निम्म्याहून खाली गेले, तर भाजी वरचढ. दोन्ही निम्म्याहून जास्त भरले, तर त्यांचं अन्न थोडंफार वेगळं आहे: अळसांद्यांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन मिळवून देतात.

अशा चढाओढीतून होणारी उत्क्रांती मात्र एका हंगामात दिसत नाही. तिचा परिणाम पाहायला ऑगस्टमध्ये सड्यावर, म्हणजे जांभ्या खडकाच्या उघड्या पठारावर, जा. जांभ्यावरच्या बोटभर, निकस, ओल्या मातीत दवबिंदू ही कीटकभक्षी वनस्पती शोधा. कीटकांतून नायट्रोजन मिळवत असल्यामुळे ती तिथे तगते. सकस मातीत उंच गवत तिचा उजेड अडवतं. जिथे ती सापडेल तिथे आणि शेजारच्या दाट गवतात काडी खुपसून मातीची खोली मोजा, दोन्ही आकडे वहीत लिहा. झाड मात्र उपटू नका.