कनेक्टरचं लॉक मी मोडलं तेव्हा

आधी कबुली देऊन टाकतो. हातातल्या गेम कन्सोलमधला रिबन कनेक्टर, म्हणजे चपट्या केबलची पट्टी बोर्डाला जोडणारा सॉकेट, मोडलेला दिसला, तर तो गिऱ्हाइकानं मोडलेला असण्यापेक्षा आमच्यासारख्या कुणीतरी मोडलेला असण्याचीच शक्यता जास्त. कन्सोल पडला तर काच फुटते, बॉडी तडकते. पण आत पट्टी धरून बसलेलं प्लॅस्टिकचं इवलंसं लॉक बहुतेकदा शाबूत राहतं. ते मोडतं मागचं झाकण काढल्यावर, आपल्या हातात चिमटा आल्यावर. माझ्या हातून मोडलं ते निन्टेंडो स्विच लाइटचं. या कामात नव्यानं येणाऱ्यांसाठी ते सगळं सविस्तर लिहितो आहे, कारण चूक जिथून आली ती जागा कुठल्याच क्लासमध्ये मला कुणी दाखवली नव्हती.

आयटीआयला इलेक्ट्रॉनिक मेकॅनिकची दोन वर्षं झाल्यावर मी पुण्यात बुधवार पेठेतल्या एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात लागलो. मालकांना सगळे काकाच म्हणतात. दीड वर्ष फक्त मोबाइल. डिस्प्ले, चार्जिंग जॅक, बॅटरी, पाण्यात पडलेले फोन. हात बसला होता, आणि हात बसला की अंगात थोडी मिजास येतेच. अशात इंजिनिअरिंगचा एक मुलगा स्विच लाइट घेऊन आला. तक्रार ड्रिफ्टची. स्टिकला बोट न लावता गेममधला माणूस आपला डावीकडे चालत सुटतो. २०१९ साली आलेल्या या लाइटमध्ये मोठ्या स्विचसारखे जॉय-कॉन (दोन बाजूंचे कंट्रोलर) सुटे होत नाहीत, स्टिक बॉडीतच बसवलेली असते. म्हणजे स्टिक बदलायची तर अख्खा कन्सोल उघडणं आलं.

उघडताना सगळं नीट केलं होतं, हे आवर्जून सांगतो. मागच्या कव्हरला कोपऱ्यात तीन पाकळ्यांचे स्क्रू असतात, त्यांना ट्राय-विंगच लागतो. आतले चौकडीचे स्क्रू दिसायला फिलिप्ससारखे, पण ते जपानी जेआयएस मापाचे. त्यात नेहमीचा फिलिप्स घातला तर तो वर सरकतो आणि स्क्रूचं डोकं गोल होऊन बसतं. त्याखाली पत्र्याची शील्ड, तिच्या पोटाला थर्मल पेस्ट. शील्ड काढली, बॅटरीचा कनेक्टर सरळ वर उचलून सोडवला. मग स्टिकच्या पट्टीच्या कनेक्टरखाली प्लॅस्टिकची काडी घातली आणि तसंच वर उचललं.

टक् असा आवाज आला. मोबाइलमध्ये तो आवाज ऐकला की बरं वाटतं.

गोम इथेच आहे. आजच्या मोबाइलमध्ये डिस्प्लेची, बॅटरीची फ्लेक्स (लवचिक पट्टी) बोर्डाला जोडलेली असते ती दाबून बसणाऱ्या कनेक्टरनं. आपण त्याला बटण कनेक्टर म्हणतो. शर्टाच्या टिचबटणासारखा दाबला की बसतो, कडेनं उचलला की सुटतो. दीड वर्षात मी असे हजारएक तरी उचलले असतील. कन्सोलमधल्या स्टिकचा कनेक्टर झिफ (झीरो इन्सर्शन फोर्स) जातीचा. त्यात पट्टी अलगद आत सरकते आणि वरून लॉक पाडल्यावरच पकडली जाते. हे लॉक दरवाजासारखं बिजागरीवर फिरतं, आणि त्याला नखानं एका बाजूनं उभं करायचं असतं. मी मात्र ते बटण समजून मुळातून उपटलं. ज्ञान कमी पडलं नव्हतं, झिफ कनेक्टर मी पुस्तकात पाहिला होता. हाताची सवय डोक्याच्या आधी धावली, एवढंच.

काका शेजारच्या टेबलावर होते. मान वर न करता म्हणाले, "आधी पंखा बंद कर."

लॉक जेमतेम साडेतीन-चार मिलिमीटरचं, काळं, तिळापेक्षा थोडं लांब. काकांनी दुकानातले दिवे मालवायला लावले आणि मोबाइलचा टॉर्च फरशीला टेकवून आडवा धरला. असं केलं की बारीक कणाचीही लांब सावली पडते. आमच्या दुकानात किती स्क्रू सांडलेले असतात ते त्या दिवशी कळलं. लॉक माझ्या रबरी मॅटच्या कडेलाच सापडलं. काकांनी डोळ्याला भिंग लावलं, ते चिमट्यात फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "एक कान गेलाय रे. आता बसायचं नाही."

कान म्हणजे लॉकच्या दोन टोकांना असलेले बारीक खुंट. त्यांच्यावरच ते फिरतं. दोन्ही कान शाबूत असतील तर सुटलेलं लॉक परत बसवता येतं. भिंगाखाली एक टोक खोबणीत घालायचं, दुसरं हलकेच दाबायचं. पाच-दहा मिनिटांचं काम, फक्त हात थरथरायला नको. कान मोडला की मात्र खेळ बदलतो. लॉक नुसतं झाकण नाही. ते पडताना आतल्या पिना आणि पट्टीवरची सोनेरी बोटं एकमेकांवर दाबून धरतं. ते नसेल तर पट्टी आत गेलेली दिसते, पण संपर्क होत नाही, किंवा होतो आणि जातो. स्टिकच्या बाबतीत ते फार फसवं असतं, कारण लक्षण थेट ड्रिफ्टसारखं दिसतं. नवी स्टिक टाकूनही ड्रिफ्ट गेला नाही तर दुसरी स्टिक मागवण्याआधी कनेक्टर पाहा.

काकांनी त्या दिवशी तात्पुरता इलाज दाखवला. पिवळ्या कॅप्टॉन टेपचे, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या पातळ टेपचे, दोन तुकडे पट्टीच्या पाठीवर, म्हणजे सोनेरी बोटांच्या उलट बाजूला, एकावर एक चिकटवले आणि पट्टी परत आत सरकवली. कॅप्टॉन टेप मिलिमीटरच्या सहा-शतांश भागाएवढा जाड असतो, तेव्हा एकेक थर वाढवत अंदाज घेता येतो. पट्टी थोडी घट्ट जायला लागली की थांबायचं. रेटून घातली तर पिना वाकतात. पाचर मारण्यातलाच हा प्रकार. स्टिकची पट्टी बसवल्यावर हलत नाही, म्हणून तिथे पाचर बरी टिकते. घडीच्या कन्सोलमध्ये बिजागरीतून जाणाऱ्या पट्टीला, जी दर उघडझापीला ओढली जाते, असलं काही करू नका. आठवड्यात माल परत येईल.

कन्सोल सुरू झाला, स्टिक चालली. मी सुटकेचा श्वास सोडतो आहे तोवर काकांनी फोन पुढे केला. "मोडलंस तू, तर सांगायचंही तूच." सांगितलं. तो मुलगा रागावला नाही, फक्त विचारलं की परीक्षा संपेपर्यंत होईल ना. कनेक्टर मागवला, आणि तो बदलायचा पैसा घ्यायचा नाही असं ठरलं.

आता कनेक्टर मागवण्याविषयी, कारण नवीन मुलं इथे हमखास पैसे घालवतात. मॉडेलचं नाव टाकून विकणारे भेटतात, पण माप आपलं आपण घ्यावं. पिना किती ते मोजा. स्टिकला पाच असतात. मग पिच, म्हणजे एका पिनेच्या मध्यापासून पुढच्या पिनेच्या मध्यापर्यंतचं अंतर. पहिल्या पिनेपासून शेवटच्या पिनेपर्यंत कॅलिपरनं मोजायचं आणि पिनांच्या संख्येतून एक वजा करून भागायचं. पाच पिनांत २ मिलिमीटर आले तर भागायचं चारानं, उत्तर ०.५. मी पाचानं भागलं आणि ०.४ चा कनेक्टर मागवणार होतो. कुंपणाचे खांब आणि मधली अंतरं यांचं गणित शाळेतच असतं, तरीही चुकतं. त्यानंतर पट्टीची बोटं वर येतात की खाली, लॉक पट्टी शिरते त्या बाजूला आहे की मागच्या, आणि उंची किती, एवढं जुळलं पाहिजे. हिरोसे, मोलेक्स या कंपन्यांच्या डेटाशीटमध्ये ही सगळी चित्रं असतात, ती वाचायची सवय लावून घ्या. माझा कनेक्टर ४० रुपयांचा होता आणि कुरिअर ९० रुपयांचं.

जुना काढणं हे खरं जोखमीचं काम. बोर्ड बॉडीतून पूर्ण बाहेर काढा. बॅटरीजवळ गरम हवा नको म्हणजे नकोच. आजूबाजूच्या प्लॅस्टिकच्या सगळ्या कनेक्टरांना कॅप्टॉन टेप लावा, नाहीतर एक बदलता बदलता तीन वितळतील. कारखान्यातलं शिसंविरहित सोल्डर २१७ अंशांच्या पुढे वितळतं आणि आपलं नेहमीचं ६३-३७ (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) वितळतं १८३ ला. म्हणून आधी फ्लक्सची (सोल्डर नीट वाहू देणारी) पेस्ट लावून प्रत्येक पिनेवर थोडं आपलं सोल्डर मिसळून घ्यायचं, म्हणजे कमी उष्णतेत सुटतं. एसएमडी मशीनवर, म्हणजे गरम हवेच्या मशीनवर, मी ३५० ठेवतो, पण तो आकडा हवेचा आहे, बोर्डाचा नाही. नोझल, अंतर, हवेचा जोर, सगळ्यानं तो बदलतो. स्क्रॅप बोर्डावर आपल्या मशीनची ओळख करून घ्या.

कनेक्टरच्या दोन टोकांना दोन मोठे पाय असतात. ते विजेसाठी नसतात, कनेक्टर बोर्डाला धरून ठेवायला असतात, आणि बहुतेक वेळा ते ग्राउंडच्या तांब्याला जोडलेले असल्यामुळे उशिरा तापतात. बारीक पिना चमकल्या म्हणून घाईनं उचलायला जाल तर एक पाय अजून घट्ट असतो, कनेक्टर तिरका उठतो आणि दोन-तीन पॅड (बोर्डावरचे तांब्याचे ठिपके, ज्यांवर पिना जोडलेल्या असतात) सोबत घेऊन येतो. मी उचलत नाही, आधी चिमट्यानं बाजूला किंचित ढकलून बघतो. तो जागच्या जागी तरंगला आणि परत मूळ जागी आला, तरच उचलतो.

गरम हवेची भीती वाटत असेल तर आणखी एक रस्ता आहे. कनेक्टर तसाही टाकूनच द्यायचाय, तर बारीक कटरनं त्याचं प्लॅस्टिक तुकडे तुकडे करून काढा आणि उरलेल्या पिना सोल्डरिंग आयर्नच्या निमुळत्या बिटानं एकेक करून उचला. कातरताना कटरनं उचकटायचं नाही, कटर फक्त मिटायचा. वेळ लागतो, पण मी माझा पहिला याच पद्धतीनं काढला आणि पाचही पॅड जागेवर राहिले.

नवा बसवताना उलट, गरम हवा वापरत नाही. पॅड सोल्डरविकनं (सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या जाळीनं) सपाट करून आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसले, कनेक्टर भिंगाखाली नीट लावला, आधी एक मोठा पाय टाचला. पुन्हा पाहिलं, सरळ केला, मग दुसरा पाय, आणि शेवटी पिना. इथे सोल्डर कमी वापरा. जास्त झालं तर ते पिनेवरून आत चढतं आणि पट्टी जिथे टेकायची तिथेच गोळी होऊन बसतं. बाहेरून सगळं सुंदर दिसतं आणि पट्टी अर्धीच आत जाते. पट्टी नसताना लॉक उगाच उघडझाप करून बघण्याचा मोहही टाळा.

मग मीटर. शेजारशेजारच्या पिनांत बीप येत नाही ना ते बघायचं. मग डायोड मोडवर लाल प्रोब ग्राउंडला, काळा एकेका पिनेवर, आणि जीआर व्हॅल्यू, म्हणजे त्या पिनेचा ग्राउंडशी मीटरवर दिसणारा आकडा, दुसऱ्या बाजूच्या स्टिकच्या कनेक्टरशी ताडून पाहायची. कन्सोलमध्ये दोन स्टिक असतात, तुलनेला चांगला नमुना घरातच असतो. एखादा पॅड गेलाच असेल तर एनॅमल तारेचा जंपर (तुटलेल्या वाटेऐवजी जोडलेली बारीक तार) आणि वर यूव्ही मास्क (यूव्ही प्रकाशात घट्ट होणारा लेप). त्यावर वेगळं लिहावं लागेल. पट्टी घालताना तिच्यावरची पांढरी रेघ कनेक्टरच्या कडेला समांतर दिसली पाहिजे. तिरकी दिसली तर लॉक पाडू नका, बाहेर काढून परत घाला. झाकण परत लावून कन्सोल सुरू केल्यावर सिस्टीम सेटिंग्जमध्ये कंट्रोलर्सखाली स्टिक कॅलिब्रेट करायची.

सराव कुठे करायचा असं मला क्लासमधली मुलं विचारतात. महागडं काही घेऊ नका. भंगारातल्या लॅपटॉपच्या कीबोर्ड आणि टचपॅडला, जुन्या डीव्हीडी प्लेयरला, प्रिंटरला असले कनेक्टर भरपूर असतात, आणि वेगवेगळ्या जातींचे असतात. काहींचं लॉक फिरतं, काहींचं दोन कानांना धरून जेमतेम मिलिमीटरभर बाहेर सरकतं आणि तिथेच थांबतं, काहींना लॉकच नसतं आणि पट्टी सरळ ओढायची असते. मी काकांच्या सांगण्यावरून आठवडाभर दुपारच्या मोकळ्या वेळात फक्त उघडझाप केली. नखानं. चिमटा हातात घ्यायला बंदी होती. धातूच्या टोकाला लॉक किती ताणलं जातंय ते कळत नाही, नखाला कळतं.

आता कन्सोल आला की मी उघडण्याआधी गिऱ्हाइकाला एकच विचारतो, "आधी कुणी उघडलाय का?" बहुतेक जण नाही म्हणतात. मग स्क्रूची डोकी भिंगाखाली दाखवतो. उघडल्यावर पहिला फोटो कनेक्टरांचा काढतो आणि तिथल्या तिथे त्यांना पाठवतो, लॉक जागेवर असोत वा नसोत. आणि दर सांगताना स्टिकचे पैसे वेगळे, कनेक्टरचे वेगळे सांगतो. माझ्या हातून मोडला तर कनेक्टरचे लागणार नाहीत, हेही.