रिकामी पुंगळी काय सांगते: हातभरणीच्या काडतुसांतला जादा दाब कसा ओळखायचा

नाशिकमध्ये रायफल नेमबाजी म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एअर रायफल येते, फार तर पॉइंट टू टू. त्यांना या लेखाचं काम नाही. पॉइंट टू टूची पुंगळी एकदा उडाली की संपली, कारण तिचा ठिणगीचा मसाला तळाच्या कडेतच भरलेला असतो. इथे विषय सेंटरफायर रायफलींचा आहे, ज्यांच्या पुंगळीच्या तळाशी मधोमध वेगळी टोपी, म्हणजे प्रायमर, बसवलेली असते. अशा झाडलेल्या पुंगळीत नवी टोपी, बंदुकीची दारू आणि गोळी हाताने बसवणं म्हणजे हातभरणी. आणि कायद्याचं आधीच सांगतो. रायफलचा परवाना म्हणजे काडतूस भरायचा परवाना नव्हे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमातल्या कलम ५ नुसार दारूगोळा बनवायला परवाना वेगळा लागतो. तो नसेल तर हे वाचून सोडून द्या.

दाबाची कमाल मर्यादा काडतुसागणिक वेगळी असते. अमेरिकी मानकाप्रमाणे थ्री नॉट एटला चौरस इंचाला ६२,००० पौंड, टू ट्वेंटी थ्रीला ५५,००० आणि जुन्या थ्री नॉट थ्रीला ४९,०००. गोम अशी की पुंगळीचं पितळ बऱ्याचदा ही मर्यादा ओलांडल्यावरच तक्रार करतं. थ्री नॉट थ्रीसारख्या जुन्या रायफलीत तर पुंगळी स्वच्छ दिसत असतानाही बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा, धोक्यात असू शकतो. म्हणून ‘खूण नाही, म्हणजे दाब ठीक’ हा हिशोब चुकीचा. भरणीच्या पुस्तकातला दारूच्या वजनाचा कमाल आकडा हीच हद्द. खुणा त्याच्या आत दिसल्या तर आणखी आधी थांबायचं.

सुरुवात कारखान्याच्या काडतुसांनी करा. त्याच दिवशी, त्याच रायफलीतून काही फेऱ्या झाडा आणि त्या पुंगळ्या बाजूला ठेवा. पुढची प्रत्येक तुलना यांच्याशीच. दुसऱ्याच्या रायफलीतली पुंगळी किंवा मोबाईलवरचा फोटो शेजारी धरून काही कळत नाही.

मग डोळ्यांआधी हाताला विचारा. गोळी झाडल्यावर बोल्टची मूठ नेहमीच्या सहजतेने वर येते का? अडकली, तळहाताने ठोकावी लागली, तर तिथेच थांबा. जादा दाबाने पुंगळी इतकी फुगते की चेंबरच्या, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेच्या, भिंतीपासून ती परत सुटत नाही. चेंबर घाण असलं तरी मूठ जड होते हे खरं, पण ते घरी जाऊन साफ करून ठरवा. ‘अजून एक झाडून बघू’ नको.

आता पुंगळी उजेडात धरा. तळावर, जिथे कंपनीचं नाव कोरलेलं असतं तिथे, एखादा गोल किंवा अर्धगोल चकचकीत ठिपका दिसतो का ते पाहा. बोल्टच्या तोंडाला एजेक्टरचं, म्हणजे रिकामी पुंगळी बाहेर फेकणाऱ्या खिट्टीचं, भोक असतं. दाब वाढला की मऊ पितळ त्यात घुसतं आणि मूठ फिरवताना तो उंचवटा घासला जाऊन चमकतो. नख फिरवलं तर अडखळतं. माझ्या मते जड मूठ आणि हा ठिपका, या दोन खुणा सर्वांत भरवशाच्या. माउझर धाटणीच्या जुन्या बोल्टमध्ये असं भोक नसतं, चीर असते. तिथे पितळावर चिरेचा ठसा शोधा.

टोपीवर मात्र लोक नको इतका विश्वास टाकतात. निरोगी टोपीच्या कडा किंचित गोल राहतात. दाब वाढला की ती सपाट होऊन खाच भरून टाकते, फायरिंग पिनने (टोपीवर आदळणाऱ्या सुईने) पाडलेल्या खळगीभोवती कडा उठते. पण काही टोप्यांचं पितळ मुळातच मऊ असतं. फायरिंग पिनचं भोक ढिलं असेल तर साध्या भरणीतही कडा उठते. पुंगळी चेंबरमध्ये सैल बसत असेल तर हलक्या भरणीचीही टोपी सपाट होते. टोपीला भोक पडलं किंवा ती गळून पडली, तर मात्र वाद घालू नका, थांबा.

एक-दोन भरण्यांतच नवी टोपी सैल बसायला लागली, तर तळाचं पितळ ताणलंय, म्हणजे दाब नक्की जास्त होता. क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) असेल तर तेही बघा: पुस्तकापेक्षा वेग बराच जास्त मिळत असेल, तर तो दाबातूनच आलेला असतो.

काही खुणा भलत्याच गोष्टी सांगतात. मान चिरली तर पितळ जुनं झालंय. मानेवर काजळी असेल तर दाब उलट कमी आहे. तळाच्या थोडं वर चकचकीत कडं दिसलं तर टोकाला वाकवलेली बारीक तार आतून फिरवा. खोबण लागली तर पुंगळी तिथे तुटायच्या बेतात आहे. त्याचं मूळ बहुधा चेंबरमधली सैल जागा किंवा भरताना पुंगळीचा खांदा (मानेखालचा उतार) जास्त मागे दाबणं असतं.

कारण शोधताना आपल्या हवेला विसरू नका. निफाडला पारा गोठणबिंदूच्या आसपास उतरतो अशा जानेवारीत ठरवलेली भरणी मे महिन्यातल्या चाळिशीत वेगळी वागते. बऱ्याच दारू उन्हाने तापल्या की दाब वाढवतात. काडतुसं गाडीच्या डिकीत ठेवू नका, तापलेल्या चेंबरमध्ये घालून गप्पा मारत बसू नका. मग पुढचं तपासा: पुंगळी लांब वाढून तिची मान गोळीला चिमटतेय का, गोळी नळीच्या आट्यांना टेकतेय का, लष्करी जाड पितळ वापरलंय का (आत जागा कमी, म्हणून दाब जास्त), दारूचा लॉट, टोपी किंवा गोळी बदलली का, चेंबरमध्ये तेल राहिलं का.

खूण दिसली की उरलेली काडतुसं झाडून संपवायची नाहीत. खोका वेगळा काढा, चिठ्ठी लावा, गोळ्या उपसा. भरणी पुस्तकातल्या सुरुवातीच्या वजनावर न्या आणि तिथून एका वेळी एकच गोष्ट बदलत चढा. उपसलेली दारू ओळखीच्या डब्यात परत ओतू नका. मूठ फारच अडकली असेल, तर पुढची गोळी झाडण्याआधी बोल्टचे लग (त्याला जागेवर अडकवून धरणारे दात) आणि चेंबर परवानाधारक बंदूक दुरुस्ती कारागिराकडून तपासून घ्या.