उरलेल्या कुकीजचे चॉकलेट बॉल्स बिघडतात कुठे? या चुका टाळा

डब्याच्या तळाशी उरलेल्या कुकीज, थोडं चॉकलेट आणि क्रीम एवढ्यावर बॉल्स होतात, कुकीज सादळल्या नसतील तर ओव्हनही लागत नाही. 200 ग्रॅम कुकीज, 120 ग्रॅम डार्क चॉकलेट, 80 मिली फ्रेश क्रीम आणि चिमूटभर मीठ घेतलं की 20 ग्रॅमचे साधारण वीस गोळे वळता येतात.

सादळलेल्या कुकीज तशाच वापरल्या तर गोळे पिठूळ लागतात. ओव्हनमध्ये 150 अंश सेल्सिअसवर 8 ते 10 मिनिटं भाजून पूर्ण गार करा, कुरकुरीतपणा परत येतो. खवट वास येत असेल तर मात्र फेकाच. चॉकलेटखाली तो लपत नाही.

मिक्सरमध्ये अगदी पीठ करू नका. तीन भाग बारीक चुरा आणि एक भाग वाटाण्याएवढे तुकडे ठेवा. नुसता बारीक चुरा क्रीम शोषून घट्ट लगदा होतो, नुसते तुकडे असले तर गोळा वळताना फुटतो. क्रीम बिस्किटं वापरत असाल तर आतल्या थरात आधीच साखर आणि फॅट असतं, म्हणून फ्रेश क्रीम 60 मिलीच घ्या.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो चॉकलेट वितळवताना. ओला चमचा, नीट न पुसलेलं भांडं किंवा डबल बॉयलरची (गरम पाण्याच्या भांड्यावर ठेवलेल्या भांड्याची) वाफ, यातलं काहीही चॉकलेटला लागलं की ते क्षणात खरबरीत होऊन आळतं. थेंबभर पाण्यानं साखरेचे आणि कोकोचे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात. इतकं क्रीम चालतं आणि पाण्याचा थेंब का नाही? कारण क्रीममधलं पाणी सगळे कण भिजवायला पुरतं, थेंब पुरत नाही. म्हणून उपायही उलटा: गरम दूध एकेक चमचा घालून ढवळत राहा, पुन्हा गुळगुळीत होईल. हे चॉकलेट मिश्रणात खपवा, गोळ्यांवरच्या कोटिंगला चालणार नाही. चॉकलेट करपलं असेल तर त्यावर इलाज नाही. मायक्रोवेव्हमध्ये निम्म्या पॉवरवर 20-20 सेकंद ठेवून दर वेळी ढवळा.

क्रीममध्ये घालायचं चॉकलेट वेगळं वितळवायची गरजच नाही. कडेला बुडबुडे येईपर्यंत क्रीम तापवून चिरलेल्या चॉकलेटवर ओता, दोन मिनिटं थांबा, मग मधून बाहेर ढवळा. तेल सुटलं तर कोमट दूध चमचाभर घालून हलक्या हातानं एकजीव करा. मीठ आणि चुरा यानंतर घाला.

मिश्रण हाताला चिकटतंय म्हणून लगेच आणखी चुरा ओतू नका. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. कुकीज ओलावा ओढून घेतात आणि चॉकलेट घट्ट होतं. आत्ता चुरा वाढवला तर गार झाल्यावर गोळे कोरडे पडतील.

कोटिंगला तडे जातात, कारण गोळे फ्रीझरमधून थेट बुडवलेले असतात. बाहेरचा थर चटकन आवळतो आणि आतला गोळा गरम होताना फुगतो. फ्रिजमध्ये 20-30 मिनिटं पुरेत. कोको बटरचं खरं चॉकलेट टेंपर न करता, म्हणजे ठरावीक तापमानांना वितळवून-गार न करता वापरलं तर पांढुरके पट्टे दिसतात, चव बिघडत नाही. टेंपरिंगची कटकट नको असेल तर कंपाउंड (कोको बटरऐवजी वनस्पती तेलाचं चॉकलेट) घ्या, किंवा गोळे सरळ कोको पावडरमध्ये घोळवा. आमच्या मते तेच जास्त चांगले लागतात.

क्रीम असल्यानं हे फ्रिजमध्येच, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि चार-पाच दिवसांत संपवा. डबा बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका, गोळ्यांवर दव धरतं.