पडदे की ब्लाइंड्स? रंग सगळ्यात शेवटी बघा

पडदे घ्यायचे म्हटलं की घरात पहिलं भांडण रंगावरून होतं, पण आधी दिवसातून दोन-तीनदा खिडकीपाशी उभं राहून बघा की ऊन कधी येतं, समोरून कोणाला काय दिसतं आणि खिडकी आत उघडते की बाहेर. आत उघडत असेल तर चौकटीच्या आत बसवलेला ब्लाइंड अडतो, तिथे पडदाच बरा.

पश्चिमेचं तिरपं ऊन येत असेल तर आडव्या पट्ट्यांचे ब्लाइंड्स मस्त, पट्ट्या वर वळवल्या की उजेड छताकडे जातो, डोळ्यांवर येत नाही. बेडरूमला ब्लॅकआउट, म्हणजे उजेड अडवणारं कापड घ्या, पण रोलर (वर गुंडाळला जाणारा ब्लाइंड) चौकटीच्या आत लावला तर दोन्ही बाजूंच्या फटीतून उजेडाच्या रेघा येतातच, म्हणून तो खोलीच्या बाजूनेच, पण चौकटीच्या बाहेर, पूर्ण चौकट झाकेल असा लावा. आणि नुसत्या नेटच्या पडद्यावर विसंबू नका, दिवसा ठीक आहे पण रात्री आत लाईट लागला की बाहेरून सगळं दिसतं, पटत नसेल तर एकदा बाहेर जाऊन बघा!

माप स्टीलच्या टेपनेच घ्या. आत बसणाऱ्या ब्लाइंडसाठी रुंदी वर, मध्ये, खाली अशी तीनदा मोजायची आणि सगळ्यात कमी आकडा धरायचा. पडद्याचा रॉड चौकटीच्या 10-15 सेंमी वर आणि दोन्हीकडे 15-20 सेंमी जास्त, म्हणजे पडदा सरकवल्यावर काच मोकळी राहते. कापड रॉडच्या दुप्पट, 150 सेंमी रॉडला 300 सेंमी, नाहीतर चुण्या पडत नाहीत आणि चादर वाळत घातल्यासारखं दिसतं.

सुती कापड शिवायच्या आधी धुवाच. मी नाही धुतलं, जमिनीपर्यंतचे पडदे पहिल्या धुण्यात चार बोटं वर गेले, मग खाली वेगळ्या रंगाची पट्टी जोडली, आता विचारलं की डिझाईन आहे म्हणून सांगते.

किचनमध्ये कापड तेलकट होतं, तिथे पुसता येणारे ॲल्युमिनियमचे ब्लाइंड्स लावा. घरात लहान मूल असेल तर लोंबणारी दोरी अजिबात नको, गळ्याला फास बसू शकतो, बिनदोरीचेच घ्या.

आता रंग. दुकानातल्या लाईटवर जाऊ नका, कापडाचा तुकडा आणून खिडकीला अडकवा, मागून ऊन आलं की दुकानातला क्रीम कलर चक्क पिवळा दिसू शकतो.