मक्याचा केक बसका, रवाळ, भुसभुशीत होतोय? या चुका टाळा

ब्राझीलमध्ये मक्याच्या पिठाचा केक घरोघरी होतो. त्याला तिथे 'बोलो दे फुबा' म्हणतात. एरवी तो कॉफीबरोबर खातात आणि जूनमधल्या फेस्टा जुनिनाच्या सणात तर तो हवाच. वर क्रीम नाही, आयसिंग नाही, फक्त पिवळाधमक रंग आणि बडीशेपेचा वास. येवला-मालेगावकडे एवढा मका पिकत असताना नाशिकच्या घरांत हा केक व्हायला हवा. होतोही, पण पहिल्या वेळी बहुतेकांचा बिघडतो आणि खापर ओव्हनवर फुटतं. माझ्या मते दहापैकी आठ वेळा दोष पिठाचा असतो.

दुकानात 'कॉर्नफ्लॉवर' मागितलं की मंचुरियनला लावतात ते पांढरंशुभ्र पीठ हातात पडतं. तो मक्याचा नुसता स्टार्च. त्याला ना मक्याची चव, ना रंग. तुम्हाला हवंय ते पिवळं मक्याचं पीठ, ज्याची रोटी करतात. रविवार कारंजाकडच्या किराणा दुकानात सुटं मिळालं तर चिमूटभर जिभेवर ठेवून बघा. दाण्याच्या अंकुरात तेल असतं, त्यामुळे हे पीठ गव्हाच्या पिठापेक्षा लवकर खवट होतं. कडसर लागलं तर घेऊ नका. आणलेलं पीठ फ्रिजमध्ये ठेवा.

गिरणीतून दळून आणणार असाल तर मका खाण्याचाच घ्या. आपल्याकडचा बराचसा मका कोंबडीखाद्याला जातो. तो निवडलेला नसतो, ओल राहिली असेल तर बुरशीही असते. बाजरीच्या पाठोपाठ दळू देऊ नका, नाहीतर केक करडा होतो. अगदी बारीक दळायला सांगा आणि घरी मैद्याच्या चाळणीने चाळा. वर राहिलेला रवा उपम्याला चालतो.

आता रवाळपणा. मक्याचं पीठ पाणी सावकाश शोषतं. सगळं एकत्र कालवून लगेच भांडं आत सरकवलं की दाताखाली कचकच येणारच. म्हणून पीठ आधी कोमट दुधात वीस मिनिटं भिजवा. माझं प्रमाण असं: 1 कप मक्याचं पीठ, 1 कप मैदा, 1 कप साखर, 1 कप दूध, अर्धा कप तेल, 3 अंडी, 1 मोठा चमचा बेकिंग पावडर, 1 छोटा चमचा बडीशेप. मक्यात ग्लुटेन नसतं, तेव्हा मैदा पूर्ण वगळलात तर केक उचलताना तुटेल. मैदा घातल्यावर मात्र जास्त फेटू नका. मिश्रण नेहमीच्या केकपेक्षा पातळ दिसलं तरी वरून पीठ घालू नका. सुका केक बहुतेक वेळा या घाईतूनच होतो.

केक बसका झाला तर बेकिंग पावडर तपासा. चमचाभर गरम पाण्यात टाका, जोरात फसफसली नाही तर डबा जुना झालाय. निफाडकडे पारा घसरतो त्या दिवसांत दूध-अंडी फ्रिजमधून काढून तासभर बाहेर ठेवा. तेलाऐवजी लोणी वापरत असाल तर ते थंड दुधाने गोठून गुठळ्या होतात.

ओव्हन असेल तर 180 अंशांवर 35 ते 40 मिनिटं. कुकरमध्ये करत असाल तर शिट्टी आणि रिंग दोन्ही काढा, तळाला मीठ पसरून वर जाळी ठेवा, पाणी घालू नका, आणि दहा मिनिटं आधी तापवा. पहिली पंचवीस मिनिटं झाकण उघडू नका.

गरम केक कापणं ही शेवटची चूक. मक्याचा केक थंड होताना घट्ट बसतो, तोवर सुरी लावली की भुगा होतो. निदान अर्धा तास थांबा.

एक तक्रार मात्र मुळात तक्रारच नाही. किसलेलं चीज आणि भरपूर दूध घालून करतात त्या प्रकारात मध्ये खरवसासारखा मऊ थर तयार होतो. तो कच्चा राहिलेला नसतो, तसाच हवा असतो. साध्या केकमध्ये तसा थर दिसला तर मात्र खरंच अजून दहा मिनिटं भाजायला हवा होता.